शाकाहार आणि मांसाहार: पोषणाची तुलना नेमकी करायची कशी

शंभर ग्रॅम मसुरीत २४ ग्रॅम प्रथिनं, शंभर ग्रॅम चिकनमध्ये २२, म्हणजे डाळच सरस, हे गणित वारंवार मांडलं जातं. आकडे दोन्ही बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. यात मसूर कोरडी मोजली आहे आणि चिकन कच्चं. कच्च्या चिकनमध्ये जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असतं, कोरड्या डाळीत जेमतेम दहा टक्के. दोन्ही शिजवून ताटात वाढा आणि मग मोजा: शिजलेल्या मसुरीत शंभर ग्रॅममागे ९ ग्रॅम प्रथिनं भरतात, चिकनच्या छातीच्या भागात ३१. दुसऱ्या बाजूचे लोकही तितकंच ढोबळ बोलतात. "लोह हवं तर चिकन खा" म्हणतात, पण शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये लोह असतं सुमारे १ मिलिग्रॅम आणि तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या मसुरीत ३.३.

एका पदार्थाशी दुसऱ्या पदार्थाची तुलना केली की असंच होतं. तुलना करायची ती आठवडाभरात खरोखर खाल्लेल्या ताटांची. तीही सारख्या कॅलरींवर, आणि अन्नातलं किती अंगी लागतं याचा हिशेब धरून.

आधी आहार नेमका लिहून काढा

"शाकाहारी" या एका शब्दात तीन वेगवेगळे आहार येतात: दूध घेणारा, दूध आणि अंडी घेणारा, आणि प्राणिजन्य काहीच न घेणारा. पोषणाच्या दृष्टीने पहिल्या आणि तिसऱ्यातलं अंतर कित्येकदा पहिला आणि मांसाहार यांच्यातल्या अंतरापेक्षा मोठं असतं. "मांसाहारी" हा शब्दही तितकाच सैल आहे. आठवड्यातून एकदा मांस खाणाऱ्याची २१ पैकी २० जेवणं शाकाहारीच असतात. तरी अशी माणसं "आम्ही मांसाहारी, आम्हाला बी-१२ची काय काळजी" असं धरून चालतात आणि रक्ततपासणीत कमतरता निघते तेव्हा चकित होतात. म्हणून कागदावर तीन गोष्टी लिहा: आठवड्यातून किती वेळा मांस, मासे, अंडी, एका वेळी किती ग्रॅम, आणि कोणतं मांस. चरबी नसलेलं ताजं मांस, चरबीचं मांस, मासे, आणि सॉसेज-बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एका रकान्यात कोंबू नका.

नोंद कशी ठेवायची

किमान तीन दिवसांची नोंद लागते, त्यात एक सुट्टीचा दिवस हवा. मांस ठरावीक वारीच होत असेल तर पूर्ण सात दिवस नोंदवा, नाहीतर सरासरी फसते. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो.

वजन शक्यतो शिजवण्याआधी करा. कोरडी डाळ, कोरडे तांदूळ, पीठ, कच्चं मांस असं मोजायचं आणि शिजल्यावर भांड्यातला किती हिस्सा कुणी खाल्ला ते लिहायचं. शिजलेल्यावरच मोजायची वेळ आली तर ढोबळ प्रमाण असं धरा: कोरडी कडधान्यं शिजून साधारण अडीचपट होतात, तांदूळ अडीच ते तीनपट, आणि मांस शिजताना चौथाई वजन गमावतं. शंभर ग्रॅम कच्च्या चिकनचं ७५ ग्रॅमच उरतं, प्रथिनं मात्र तेवढीच राहतात.

सगळ्यात जास्त फसवते ती वाटी. घट्ट शिजवलेल्या डाळीच्या वाटीत ४० ग्रॅम कोरडी डाळ असू शकते आणि पाणी घालून पातळ केलेल्या त्याच मापाच्या वाटीत १५ ग्रॅम. पहिलीत प्रथिनं साडेनऊ ग्रॅम, दुसरीत साडेतीन. "रोज दोन वाट्या डाळ खातो" या वाक्यावरून काहीही ठरवता येत नाही. तेलाचंही तसंच. चमच्याचा अंदाज कायम कमी निघतो. आठवड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी तेलाची बाटली काट्यावर ठेवा, फरकाला जेवणाऱ्या माणसांनी आणि दिवसांनी भागा. तळून उरलेलं तेल फेकून दिलं असेल तर ते वजा करा.

वजनावर नव्हे, कॅलरीवर मोजा

पोट वजनाने भरतं, पण दिवसभराची मर्यादा कॅलरींची असते. म्हणून प्रत्येक पदार्थाच्या शंभर कॅलरींमागे किती प्रथिनं मिळतात ते काढा. प्रथिनांच्या आकड्याला कॅलरींनी भागून शंभराने गुणायचं, इतकंच. साधारण उत्तरं अशी येतात:

चिकनची छाती, त्वचेविना: १९ ग्रॅम
चरबी काढलेले कोरडे सोया चंक्स: १५
घट्ट टोफू: ११ ते १२
चरबीयुक्त खिमा, शिजलेला: साडेनऊ
अंडं: साडेआठ
मसूर: ८
चीज: ६
साय न काढलेलं दूध: ५
शेंगदाणे: साडेचार
बदाम: साडेतीन
तांदूळ: २

या यादीने काही समज आपोआप मोडतात. बदाम आणि शेंगदाणे हे मुळात स्निग्धाचे पदार्थ आहेत, प्रथिनं त्यांच्यासोबत येतात. बदामांतून ३० ग्रॅम प्रथिनं मिळवायची तर आठशेच्या वर कॅलरी पोटात जातात. चरबीचा खिमा आणि अंडं यांच्यात फारसा फरक नाही. आणि सोया हाती असेल तर "शाकाहारात दाट प्रथिनं नाहीतच" हे म्हणणं टिकत नाही. पण चंक्सचा आकडा कोरड्या वजनावरचा आहे. भिजवून पिळले की वजन सुमारे तिप्पट होतं, म्हणून वाडगाभर भिजलेल्या चंक्सचं वजन कोरड्याच्या आकड्याने गुणू नका.

प्रथिनं: एका ताटाचा पूर्ण हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वनस्पतिजन्य प्रथिनं थोडी कमी पचतात, म्हणून शाकाहारात किलोमागे १ ग्रॅम, म्हणजे ६० ग्रॅम धरलेलं बरं. साठी ओलांडलेल्यांनी कोणत्याही आहारात किलोमागे १ ते १.२ ग्रॅमचं लक्ष्य ठेवावं, कारण त्या वयात स्नायू झपाट्याने झिजतात.

आता दूध घेणाऱ्या शाकाहाऱ्याचं एक दिवसाचं ताट. १५० ग्रॅम गव्हाचं पीठ, १०० ग्रॅम तांदूळ, ६० ग्रॅम कोरडी डाळ, ४०० मिलिलिटर दूध किंवा दही, ३० ग्रॅम शेंगदाणे, ३०० ग्रॅम भाज्या, २०० ग्रॅम फळं, २५ ग्रॅम तेल. प्रथिनं: धान्यातून २५, डाळीतून १४, दुधातून १३, शेंगदाण्यांतून ८, भाज्या-फळांतून ६. एकूण ६६ ग्रॅम, सुमारे १९०० कॅलरींत. मांसाचा तुकडाही नसताना गरज भागली.

त्याच घरातलं दुसरं ताट बघा. २१० ग्रॅम पीठ, १४० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, चहापुरतं १०० मिलिलिटर दूध, थोडी भाजी. प्रथिनांची बेरीज ४६ ग्रॅमच्या आसपास येते. वरवर पाहिलं तर फार कमी वाटत नाही. पण त्यातले ३५ ग्रॅम एकट्या धान्याचे आहेत आणि धान्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं. ६० किलोच्या माणसाला रोज १८०० मिलिग्रॅम लायसिन लागतं. दुसऱ्या ताटात ते १६०० च्या आसपास अडकतं, पहिल्यात ३००० पर्यंत जातं. फरक पडला तो ४० ग्रॅम डाळीने आणि ३०० मिलिलिटर दुधाने. बहुतेक घरांत शाकाहारी आहार कमी पडतो तो नेमका इथेच. मांस नाही म्हणून तो कमी पडत नाही. डाळ पातळ आणि धान्य जास्त, म्हणून कमी पडतो.

डाळ आणि धान्य एकाच घासात यायला हवं, हा जुना आग्रह सोडून द्या. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरतं. मांस, अंडी, दूध आणि सोया यांची प्रथिनं एकेकटीही जवळपास पूर्ण असतात.

लोह: कागदावरचा आकडा आणि रक्तात पोचणारं लोह

मांसातलं सुमारे ४० टक्के लोह हीम स्वरूपात, म्हणजे रक्ताला लाल रंग देणाऱ्या घटकात बांधलेलं असतं आणि त्यातलं १५ ते ३५ टक्के शोषलं जातं. उरलेलं लोह आणि वनस्पतींतलं सगळं लोह बिगर-हीम. त्यातलं २ ते २० टक्के शोषलं जातं. ही २ ते २० मधली दरी ठरते सोबत काय खाल्लं त्यावर, आणि अंगात साठा किती रिकामा आहे त्यावर. साठा कमी असेल तर आतडं जास्त लोह ओढून घेतं.

याच कारणाने अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००१ साली शाकाहाऱ्यांसाठी लोहाची गरज १.८ पट धरली: पुरुषांना ८ ऐवजी १४ मिलिग्रॅम, पाळी चालू असलेल्या स्त्रियांना १८ ऐवजी ३२. हा गुणक जरा कडकच आहे, पण तुलनेत सावधपणे धरायला चांगला.

२०० ग्रॅम शिजलेल्या मसुरीत ६.६ मिलिग्रॅम लोह असतं. ५ टक्केच शोषलं तरी ०.३३ मिलिग्रॅम मिळालं. १०० ग्रॅम चिकनमधलं १ मिलिग्रॅम लोह २० टक्क्यांनी शोषलं तरी ०.२. म्हणजे चिकनसमोर डाळ मागे पडत नाही. १०० ग्रॅम लाल मांसात (मटण, बीफ वगैरे) अडीच मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, त्यातून ०.५ मिळतं. यकृताची गोष्टच वेगळी, त्यात लोह याच्या कितीतरी पट. तेव्हा "मांस" म्हणून एकच आकडा धरायचा नाही.

शोषण वाढवायचं तर त्याच जेवणात ५० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व हवं. त्याने बिगर-हीम लोहाचं शोषण दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. इथे एक चूक सर्रास होते: डाळीवर अर्धं लिंबू पिळलं की काम झालं असं वाटतं. अर्ध्या लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व असतं ८-१० मिलिग्रॅम. त्याने थोडी मदत होते, पुरेशी नाही. शंभर ग्रॅम संत्रं, अर्धा पेरू किंवा ५० ग्रॅम कच्ची ढोबळी मिरची जेवणासोबत घ्या. भाजीतलं क जीवनसत्त्व शिजवताना बरंच जातं, म्हणून यातलं काहीतरी कच्चं असलेलं बरं.

उलट दिशेने ओढणारे दोन घटक. जेवणासोबतचा चहा किंवा कॉफी बिगर-हीम लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकते. तो तासभर पुढे-मागे करा. दुसरा घटक फायटेट. तो लोहाला बांधून ठेवतो आणि कोंडा, डाळी, तेलबियांत असतो. डाळी-कडधान्यं ८ ते १२ तास भिजवून पाणी ओतून दिलं तर फायटेट काही प्रमाणात कमी होतं, मोड आणले तर आणखी, आणि पीठ आंबवलं तर सर्वात जास्त. हेच जस्तालाही लागू. शाकाहाऱ्यांची जस्ताची गरज दीडपटीपर्यंत धरावी असं तीच संस्था सांगते. लाल मांसात शंभर ग्रॅममागे ५-६ मिलिग्रॅम जस्त असतं, शिजलेल्या मसुरीत सव्वा. भोपळ्याच्या बिया सात-साडेसातच्या घरात आहेत, पण दिवसाला २०-३० ग्रॅमच्या वर कुणी खात नाही.

बी-१२: इथे शाकाहाराकडे उत्तर नाही

प्रौढाला दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं आणि वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिना या शेवाळातलं बरंचसं बी-१२ शरीराला वापरताच येत नाही. आंबवलेले पदार्थ, मोड, न धुतलेल्या भाज्या यांवर विसंबणं धोक्याचं आहे. दुधात शंभर मिलिलिटरला सुमारे ०.४५ मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे निव्वळ दुधावर गरज भागवायची तर रोज अर्धा लिटरच्या वर लागतं. दूध पुन्हा पुन्हा उकळलं तर त्यातलंही काही नष्ट होतं. एका अंड्यात अर्धा मायक्रोग्रॅम असतो, पण अंड्यातलं बी-१२ फार कमी शोषलं जातं. चिकनच्या छातीतही शंभर ग्रॅमला जेमतेम ०.३ असतं, हे चिकनवरच भर देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. लाल मांसात अडीचच्या आसपास, बऱ्याच माशांत त्याहून जास्त.

यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून आहार बदलल्यावर पहिली दोन-तीन वर्षं सगळं ठीक वाटतं. नंतर हातापायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा सुरू होतो. शाकाहारात फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व भरपूर असल्याने रक्तक्षय दिसेलच असं नाही आणि नसांचं नुकसान मात्र चालू राहतं. उशीर झाला तर ते पूर्ण भरून येत नाही. गर्भवती आणि स्तनदा माता पूर्ण वनस्पतिजन्य आहारावर असतील तर बाळाच्या मेंदूच्या वाढीचा प्रश्न असतो. इथे चालढकल करू नका.

उपाय सोपा आहे. एका वेळी आतड्यातून नेहमीच्या मार्गाने दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषलं जातं, त्यावरच्या मात्रेतलं साधारण एक टक्का. म्हणून पूर्ण वनस्पतिजन्य आहारात रोज २५ ते १०० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा आठवड्याला २००० मायक्रोग्रॅम असं प्रमाण सहसा सुचवलं जातं. आकडे गरजेपेक्षा अवाढव्य दिसतात, त्याचं कारण हेच. पन्नाशी पार केलेल्यांत पोटातलं आम्ल कमी होतं, आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही शोषण घटतं. अशा व्यक्ती मांस खात असल्या तरी त्यांनी बी-१२ तपासून घ्यावं.

कॅल्शियम आणि ओमेगा-३

कॅल्शियमचा मांसाशी काही संबंध नाही. चिकनमध्ये शंभर ग्रॅमला १५ मिलिग्रॅम असतं, दुधात १२०. दूध न पिणारा मांसाहारी आणि दूध न पिणारा शाकाहारी इथे एकाच नावेत बसलेले आहेत. पालकाचा आकडा दुधाच्या जवळ दिसतो, पण कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या ऑक्झलेटमुळे त्यातलं ५ टक्केच मिळतं, दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास. ब्रोकोलीतलं दुधापेक्षाही चांगलं शोषलं जातं, फक्त खावी लागते ती भरपूर.

ओमेगा-३ या स्निग्धाम्लांचे तीन प्रकार महत्त्वाचे: एएलए, ईपीए आणि डीएचए. जवस आणि अक्रोड यांतून मिळतं ते एएलए. शरीर त्यातून ईपीए आणि डीएचए बनवतं, पण फार कमी. ७ ग्रॅम जवसाच्या पुडीतून १.६ ग्रॅम एएलए मिळतं. जवस अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात, म्हणून भरडूनच घ्या. मासे न खाणाऱ्याला डीएचए थेट हवं असेल तर शेवाळापासून काढलेलं तेल हा पर्याय आहे. ड जीवनसत्त्व दोन्ही आहारांत अपुरंच असतं, तेलकट मासे नियमित खाणारे सोडले तर. आयोडीनसाठी आयोडीनयुक्त मीठ बघा. सैंधव मिठात ते पुरेसं नसतं.

मांसाच्या ताटात काय कमी असतं

मांस, मासे, अंडी यांत तंतू (फायबर) शून्य असतात. दिवसाला किमान २५ ग्रॅम लागतात. वर सांगितलेल्या २०० ग्रॅम मसुरीतून एकट्याने १६ ग्रॅम तंतू आणि ३६० मायक्रोग्रॅम फोलेट येतं. १०० ग्रॅम चिकनमधून फोलेट ४ मायक्रोग्रॅम. म्हणून मांस ताटात आलं तेव्हा काय बाहेर गेलं, हा प्रश्न विचारायलाच हवा. डाळ आणि भाजी कमी झाली असेल तर हिशेब बिघडला. पॉलिश केलेला भात कमी झाला असेल तर बहुधा सुधारला. हेच उलट: मांस सोडून त्याजागी चीज आणि तळलेले पदार्थ आले तर संपृक्त चरबी वाढते. २००० कॅलरींच्या आहारात ती २२ ग्रॅमच्या आत ठेवायची असते. १०० ग्रॅम चीजमध्ये २० ग्रॅमच्या आसपास असते, तेवढ्याच वजनाच्या चिकनच्या छातीत एकच.

प्रक्रिया केलेल्या मांसाला मात्र वेगळा, लाल शाईचा रकाना द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ताजं लाल मांस खायचं तर शिजलेलं वजन आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवा.

दीर्घकालीन अभ्यास वाचताना एकच आकडा उचलू नका. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात शाकाहाऱ्यांना हृदयरोग मांस खाणाऱ्यांपेक्षा २२ टक्के कमी आढळला आणि पक्षाघात २० टक्के जास्त. हे २०१९ साली एकाच शोधनिबंधात छापून आलं. पुढच्या वर्षी त्याच अभ्यासातून पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांत हाडं मोडण्याचं प्रमाण ४३ टक्के जास्त दिसलं. असे अभ्यास निरीक्षणाचे असतात. वजन, धूम्रपान, व्यायाम यांचा प्रभाव गणिताने कमी करता येतो, पुसता येत नाही.

ताटाचा हिशेब रक्तातून तपासा

नोंदीवरून शंका आली तर तपासणी करा. हिमोग्लोबिन एकट्याने पुरत नाही, लोहाचा साठा सांगतं ते फेरिटिन, आणि ते आधी घसरतं. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढतं, बरं झाल्यावर काही आठवड्यांनी रक्त द्या. बी-१२ची तपासणी गोळ्या सुरू करण्याआधी करायची, नंतर आकडा वाढलेलाच येतो. तो सीमारेषेवर असेल तर बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणाऱ्या होमोसिस्टीनची किंवा मिथाइलमॅलोनिक आम्लाची तपासणी खरं चित्र दाखवते. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय घेऊ नका. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. आहारात बदल केलात तर फेरिटिन तीन महिन्यांनी पुन्हा बघा, त्याआधी फरक दिसण्याइतका वेळ झालेला नसतो.